गावच्या बंबाचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करावी?

तांबडा_बंब

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाच्या अग्निशमन पथकाचा इतिहास लिहून काढायचं ठरलंय. येत्या अग्निशमन सप्ताहात, म्हणजे १४ ते २० एप्रिलला, नगरपरिषदेच्या आवारात छोटं प्रदर्शन आणि सोबत ४०-५० पानांची पुस्तिका असा बेत आहे.

आज गावात एक गाडी आहे, चालक आणि फायरमन पाळीने असतात. पण त्याआधी कित्येक वर्षं आग विझवायला म्हणून ठेवलेला पगारी माणूसच नव्हता. देवळाची घंटा वाजायची आणि तालमीतली पोरं, पेठेतले हमाल, नगरपालिकेचे दोन-चार शिपाई धावायचे, असं जुनी माणसं सांगतात. इतिहास खरं तर त्यांचाच आहे.

हाताशी असलेला ऐवज असा: नगरपरिषदेच्या गोदामात लाकडी चाकांच्या गाड्यावर बसवलेला दोन सिलिंडरचा हातपंप आहे, दोन्ही बाजूंना लांब दांडे. दुसरा रबरी टायरचा, पेट्रोल इंजिनाचा ओढून न्यायचा पंप. गोल बुडाच्या सहा लाल बादल्या आणि चार पितळी नळ्या. कागदपत्र मात्र जवळपास शून्य.

विचारायचं आहे ते असं. जुने कागद कुठे आणि कोणत्या नावाने शोधायचे? यंत्रांचा काळ कसा ठरवायचा? 'स्वयंसेवी अग्निशमन दल' असं शीर्षक दिलं तर ते बरोबर ठरेल का? आणि हातपंप चालवून दाखवता येईल का?

---

दप्तरी

फार चांगलं काम घेतलंत. कागदांपुरतं मी सांगतो.

आधी शब्द बदला. जुन्या ठरावबुकांत 'अग्निशमन' शोधत बसलात तर हाती थोडंच लागेल. तिथला शब्द 'बंब'. हा पोर्तुगिजांकडून आलेला, मूळ 'बोंबा', म्हणजे पंप. 'आगीचा बंब', 'बंबखाना', 'बंबवाले', 'फायर इंजिन', 'आग विझविण्याचे सामान' अशा सगळ्या नावांनी शोधा. एक खड्डा मात्र लक्षात ठेवा: आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंबही त्याच नावाने नोंदलेला असतो. 'धर्मशाळेकरिता बंब १ नग' वाचून गावात अमुक साली आगीचा बंब आला असं लिहून टाकाल आणि पुस्तिका पहिल्याच पानावर चुकेल. किंमत, खातं आणि शेजारच्या नोंदी पाहून ठरवा. सोबत होज, नळी, चाकं किंवा बैलभाडं असेल तर तो आगीचा.

कागद कोणते, तर पहिला मान डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे जडवस्तू नोंदवहीला. वस्तू कधी आली, कोणाकडून, किती रुपयांना आणि कधी निर्लेखित झाली (वहीतून कमी केली), हे चारही एका ओळीत मिळतं. लोक ठरावबुकापासून सुरुवात करतात आणि फसतात, कारण 'बंब घेण्यात यावा' असा ठराव तीन-तीन वर्षं लागोपाठ होतो आणि बंब चौथ्या वर्षी येतो. ठराव म्हणजे इच्छा, जडवस्तूची नोंद म्हणजे वस्तू. ती तारीख धरून मग मागे ठरावाकडे आणि त्या वर्षीच्या व्हाउचरकडे जा. रक्कम आणे-पैत असेल तर नोंद १ एप्रिल १९५७च्या आधीची, कारण नवे पैसे त्या दिवशी आले. जुनी पानं मोडीत असतील तर पूर्ण वाचन करून घेण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि वाचणाऱ्याला फक्त आकडे आणि 'बंब' हा शब्द हेरायला सांगा. पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

गाडी आल्यानंतरच्या काळासाठी वर्दी पुस्तक आणि गाडीचं लॉगबुक. वर्दी म्हणजे आगीची खबर. ती किती वाजता आली, गाडी कधी निघाली, कधी पोचली, कधी परतली, हे त्यात असतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून पाहा. वर्दी पुस्तक नंतर स्वच्छ अक्षरात उतरवलेलं असू शकतं, पण लॉगबुकातले किलोमीटर आणि डिझेल सहसा खोटं बोलत नाहीत.

गाडीच्या आधीच्या आगींसाठी पोलीस ठाण्याची आकस्मिक जळिताची नोंद आणि तलाठ्याचा पंचनामा. पंचनाम्यात किती घरं जळाली, किती पेंढ्या कडबा गेला, जनावरं किती, हे येतं. विझवलं कोणी हे सहसा येत नाही. त्यासाठी वर्तमानपत्रं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथे आधी चौकशी करा. 'गावकरी'चे जुने अंक जिथे मिळतील तिथे एप्रिल, मे आणि दिवाळीचे आठवडे आधी चाळा. आगी त्याच दिवसांत जास्त. पार्श्वभूमीला जिल्हा गॅझेटियर, १८८३चा खंड १६ आणि १९७५ची सुधारित आवृत्ती. दोन्हींत आगीच्या बंबावर प्रकरण नाही, पण नगरपालिकांचं उत्पन्न, पाणीपुरवठा, घरांची बांधणी आहे. त्याची तुम्हाला जास्त गरज पडेल.

कायद्याचा सांगाडाही पुस्तिकेत द्या. १९०१चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा आणि १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा, दोन्हींत आग विझवणं आणि आगीत जीव-मालमत्ता वाचवणं हे नगरपालिकेचं काम म्हणून नोंदलेलं आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९२मध्ये बारावी अनुसूची आली, तिच्यातही अग्निशमन सेवा आहे. राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६चा, अंमल ६ डिसेंबर २००८ पासून. म्हणजे काम कागदावर शंभर वर्षांहून जुनं, पण त्यासाठी माणूस नेमायला पैसा नाही. तुमच्या तालमीतली पोरं नेमकी या फटीत उभी आहेत.

नगरपरिषदेत थेट विचारून कागद मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये. त्यात 'अग्निशमन दलाचा इतिहास द्यावा' असं लिहू नका, 'अशी माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं आहे. 'जडवस्तू नोंदवही, वर्ष अमुक ते अमुक, अवलोकनास मिळावी' असं वहीचं नाव आणि वर्षं घालून मागा. पाहून झाल्यावर हवी तीच पानं २ रुपये दराने घ्या.

---

पंपमिस्त्री

यंत्रांबद्दल.

सगळ्यात आधी, घासू नका. पितळी पाटी एमरी पेपरने चकचकीत केली की उथळ कोरलेला क्रमांक कायमचा जातो. पाटीवर पातळ कागद धरून पेन्सिलने ठसा घ्या, मग अंधारात एका बाजूने तिरका टॉर्च मारून फोटो काढा. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात उठतात. रंगाचंही तसंच. वरचा लाल रंग एका जागी बोटभर चौकोनात थराथराने खरवडा, बाकीचा सोडा. खाली जुन्या नगरपालिकेचं नाव किंवा दुसऱ्याच गावाचं नाव निघू शकतं, कारण असे पंप मोठ्या गावाने टाकले की लहान गाव घ्यायचं.

हातपंप: दोन उभे सिलिंडर, मध्ये तांब्याचा घुमटासारखा वायुकोष, वर झुलता दांडा, बरोबर? त्या घुमटावरच सगळं आहे. एक दट्ट्या खाली जाताना दुसरा वर येतो, तरी दोघांच्या मध्ये पाण्याला झटका बसतोच. घुमटात अडकलेली हवा दाबली जाते आणि तो झटका गिळते, म्हणून नळीतून सलग धार निघते. घुमट चिरला असेल तर पंप चालेल पण पाणी पिचकारीसारखं तुटक येईल. लंडनच्या मोठ्या हातपंपांना २०-२२ माणसं लागायची. तुमच्या दांड्याची लांबी मोजा आणि एका माणसाला सव्वा ते दीड फूट धरून भागा, दोन्ही बाजू मिळून तुमच्या पंपाची माणसं कळतील. तीन-चार मिनिटांत दम तुटतो, म्हणून तेवढीच दुसरी टोळी बाजूला उभी ठेवावी लागते. हा हिशेब पुस्तिकेत जरूर द्या. 'बंब आला' म्हणजे यंत्र आलं असं वाचणाऱ्याला वाटतं. खरं तर त्याला हाताची २०-३० माणसं आगीच्या वेळी हजर लागायची. पगारावर एवढी माणसं कुठलीच लहान नगरपालिका ठेवू शकत नव्हती.

काळ ठरवायला बनवणाऱ्याचं नाव बघा. मेरीवेदर आणि शँड मेसन ही लंडनची दोन मोठी नावं. शँड मेसन १९२२मध्ये मेरीवेदरमध्ये विलीन झाली, त्यामुळे पाटीवर एकट्या शँड मेसनचं नाव असेल तर पंप त्याआधीचा. अर्थात पंप बनला कधी आणि गावात आला कधी हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर दप्तरी म्हणतात त्या वहीतच मिळेल.

टायरवाला तो ट्रेलर पंप. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांच्या भीतीने असे पंप प्रचंड संख्येने बनले. कोव्हेंट्री क्लायमॅक्स आणि डेनिस ही त्यातली ओळखीची नावं. पाटीवरचा प्रवाहाचा आकडा पाहा. मिनिटाला १५० किंवा ४०० गॅलन असेल तर मेट्रिकच्या आधीचा, ६८० किंवा १८०० लिटर असेल तर नंतरचा भारतीय मानकाचा. मजा अशी की दोन्ही एकच आहेत: १५० ब्रिटिश गॅलन म्हणजे ६८२ लिटर, ४०० म्हणजे १८१८. आपल्या मानकाने जुना आकडा लिटरमध्ये करून गोल केला, बस. पाणी बाहेर जायचं तोंडही मोजा. अडीच इंची झटपट कपलिंग असेल तर आजचा ६३ मिलिमीटरचा होज त्यात खटकन बसेल, कारण ते मापही तेच.

बादल्यांची बुडं गोल का, हा प्रश्न प्रदर्शनात प्रत्येक मूल विचारेल. जमिनीवर उभी राहत नाही म्हणून ती बादली कोणी धुण्याला-सारवणाला नेत नाही, खुंटीवरच राहते. एवढंच कारण.

---

पाणवठा

दोघांनी छान लिहिलंय, पण एक गोष्ट निसटतेय आणि माझ्या मते इतिहासाचा कणा तीच आहे: पाणी. गावात बंब कोणत्या साली आला यापेक्षा त्या बंबाला पाणी कुठून मिळत होतं हे आधी शोधा.

शोषणाचा हिशेब बघा. पंप पाणी 'ओढत' नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हद्द १०.३ मीटर. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब कमी म्हणून हद्द साडेनऊ मीटरच्या जरा वर. त्यातून नळीतलं घर्षण, जाळीचा अडथळा, वॉशरची गळती वजा करा. हाती उरतात सहा-साडेसहा मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. आता आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यानंतर पाणी दहा-पंधरा फुटांवर, वैशाखात तीस फुटांखाली. म्हणजे ज्या महिन्यांत आगी लागतात त्याच महिन्यांत काठावर ठेवलेला पंप कोरडा खडखडतो. पंपात काहीही बिघाड नसतो. जुन्या तक्रारींत 'बंब नादुरुस्त' असं वाचलंत तर महिना कोणता ते बघा.

म्हणून बंब आल्यावरही बादल्यांची रांग बंद झाली नाही. ती दुय्यम गोष्ट समजू नका, तिचाही हिशेब मांडता येतो. विहीर आगीपासून ४० मीटरवर असेल तर मीटरभर अंतराने भरल्या बादल्यांची ४० माणसं आणि रिकाम्या परतवणारी तीस-चाळीस, बहुतेक पोरं आणि बाया. दहा लिटरची बादली आठ लिटरच भरायची, नाहीतर अर्धं पाणी रस्त्यात सांडतं आणि चिखलात माणसं घसरतात. चार सेकंदांना एक बादली आगीवर पडली तर मिनिटाला १५ बादल्या, १२० लिटर. त्यासाठी फिरत्या बादल्या ४०च्या आसपास हव्यात. आणि खरी कोंडी रांगेत नसते, विहिरीच्या तोंडाशी असते. वीस फुटांवरून पोहरा शेंदायला पंधरा-वीस सेकंद, म्हणजे एका दोराला मिनिटात तीन-चार पोहरे. पंधरा बादल्या द्यायला चार-पाच दोर एकाच वेळी चालले पाहिजेत. दोन रहाटांच्या आडावर शंभर माणसं जमली तरी पाणी दोन रहाटांचंच मिळणार. तेव्हा गावातल्या सार्वजनिक विहिरींची यादी करा, प्रत्येकीला किती रहाट होते ते बघा, काठावरच्या दगडांवर दोराने पडलेल्या खाचा मोजा. गावाची आग विझवायची ताकद त्या खाचांत लिहिलेली आहे.

तुलनेला आजचे आकडे. १२.५ मिलिमीटरची नोझल साडेतीन किलो दाबाला मिनिटाला सुमारे १९५ लिटर टाकते, २० मिलिमीटरची सुमारे ५००. म्हणजे सत्तर-ऐंशी माणसांची रांग एका लहान नोझलच्या जेमतेम साठ टक्के. आणि ४५०० लिटरची गाडी मोठ्या नोझलने नऊ मिनिटांत रिकामी, लहानीने तेवीस मिनिटांत. गाडी आली तरी दुसरी खेप कुठे भरायची हा प्रश्न उरतोच. नळयोजना झाली, जलकुंभ बांधला, म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. १५ मीटर उंच टाकीचा दाब जास्तीत जास्त दीड किलो, आणि गल्लीच्या टोकाला बारीक पाइपातून पोचेपर्यंत त्यातलं फार उरत नाही. असल्या नळाचा उपयोग गाडी भरायला, थेट धार मारायला नाही. म्हणून पुस्तिकेत गावाचा एक नकाशा घाला: जुन्या विहिरी, आड, नदीघाट, हौद, जलकुंभ, आणि गाडी जिथवर शिरते ती रस्त्याची हद्द. दोन-अडीच मीटरच्या बोळात गाडी जात नाही, तिथून पुढे होजच पसरावा लागतो. होजचा एक तुकडा १५ मीटरचा धरलात तर वाड्यांची कोणती रांग किती तुकडे आत आहे हे नकाशावरून कळेल.

घरबांधणीवर एक परिच्छेद द्या. मातीच्या धाब्यावर उडालेली ठिणगी विझते, पण आत सागवानी खांब-तुळया धुमसत राहतात आणि वरची माती बसते, त्यामुळे वरून पाणी मारून उपयोग नाही, खण उकलावा लागतो. शाकारलेल्या घरांचं उलट. तिथे ठिणगी उडून चार घरं सोडून पाचवं पेटतं, म्हणून माणसं पाणी सोडून आधी वाऱ्याच्या दिशेची घरं उतरवायची. लांब बांबूला लावलेले लोखंडी आकडे गोदामात सापडतात का पाहा. त्यांना लोक भंगार समजतात, पण बंबाइतकंच महत्त्वाचं हत्यार ते.

---

तांबडा_बंब

मनापासून आभार! आकडे खरंच आहेत, दोन, गोदामाच्या आढ्याला अडकवलेले. कोणालाच ते कशाचे हे माहीत नव्हतं.

पाटीचा ठसा घेतला. ट्रेलर पंपावर प्रवाह गॅलनमध्येच आहे. हातपंपाची पाटी गेलेली, फक्त चार स्क्रूची भोकं. दांडा एका बाजूचा सात फूट. आणि पाणवठा यांना सांगायचं तर पेठेतल्या बारवेच्या काठावर अकरा खाचा मोजल्या.

'स्वयंसेवी'चं काय करू? मंडळातले काही म्हणतात की असं दल आपल्याकडे कधी नव्हतंच, हा परदेशी शब्द उगाच चिकटवू नका.

---

वॉर्डन_पोस्ट

शब्द परदेशी आहे हे खरं, पण त्यांचा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने १७३६मध्ये युनियन फायर कंपनी काढली, तिचे सदस्य चामडी बादल्या आणि सामान भरायची पोती स्वखर्चाने ठेवत. चिलीत वालपाराइसोला १८५१ पासून स्वयंसेवक दल आहे आणि त्या देशात आजही आग विझवणारे स्वयंसेवकच. जर्मनीत लहान गावांचं सगळं काम स्वयंसेवी दलांवर चालतं. तिथे सदस्यांची यादी, ठरलेला सराव, निवडलेला प्रमुख आणि दलाच्या नावावर सामान असतं. हे चारही तुमच्या गावात असल्याचा कागद सापडला तरच 'स्वयंसेवी अग्निशमन दल' म्हणा. नुसती धावून जाणारी माणसं होती तर 'आग विझवणारे गावकरी' म्हणा, त्याने त्यांचा मान तसूभर कमी होत नाही.

पण आपल्याकडे अशा यादी असलेल्या सेवा होत्या, फक्त त्यांच्या नावात 'आग' नव्हती. म्हणून तिकडे शोधा. दुसऱ्या महायुद्धात ए.आर.पी. म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाची सेवा होती, तिचे वॉर्डन आणि रिकिबीवाले पंप. हा पंप बादलीत उभा करायचा, पट्टी पायाखाली दाबायची, एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने रांगत नळी धरायची, तिसऱ्याने बादल्या आणायच्या. मिनिटाला सहा-सात लिटर म्हणजे एक बादली दीड मिनिटात संपते, पण सुरुवातीच्या आगीला तेवढं पुरतं. असा पंप कोणाच्या माळ्यावर निघाला तर मालकाच्या आजोबांचं नाव वॉर्डनांत असण्याची दाट शक्यता. मग होमगार्ड. मुंबईत ६ डिसेंबर १९४६ला स्थापना, १९४७चा कायदा. होमगार्ड मानसेवी, कामाच्या दिवसाचा भत्ता मिळतो, पगार नाही. त्यांच्या हजेरीपटावर आगीच्या ड्युट्या असतात. त्यानंतर १९६८चा नागरी संरक्षण कायदा, त्यातल्या सेवांत अग्निशमन ही एक. ही सेवा फक्त मोठ्या शहरांत असते असं समजू नका. ७ मे २०२५च्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिकसोबत मनमाड आणि सिन्नरही होतं. तुमचं गाव या दोहोंपैकी असेल तर नागरी संरक्षण कार्यालयात जुन्या स्वयंसेवकांच्या नोंदी आहेत का, हे पहिल्या आठवड्यातच विचारा.

तोंडी माहिती घेताना 'आग कशी विझवली?' असं विचारू नका, पराक्रमाची गोष्ट मिळते. वस्तूंबद्दल विचारा. बंबखान्याची किल्ली कोणाच्या घरी असायची? घंटा कोण वाजवायचं, लग्नाच्या आणि आगीच्या घंटेत फरक काय? बंब ओढायला बैल कोणाचे? होज कुठे वाळत घालायचे? पेट्रोल कोण भरून ठेवायचं आणि पैसे कधी मिळायचे? किल्लीवाला माणूस सापडला की दल सापडलं समजा, कारण तोच प्रमुख, ठराव असो वा नसो. तीन वेगवेगळ्या घरांत एकच नाव आलं की लिहा. एकाच घरात आलं तर 'असे सांगितले जाते' असं लिहा. बायकांना वेगळं विचारा. विहिरीवरचे दोर त्यांच्या हातात होते आणि कोणत्याच यादीत त्यांची नावं नाहीत.

आणि सप्ताहाची तारीख. १४ एप्रिल हा मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या १९४४च्या स्फोटाचा दिवस, फोर्ट स्टिकिन जहाज आणि त्यात गेलेले ६६ जवान. पुस्तिकेत एक पान त्यांना द्या. गावच्या पथकाची स्थापनाही त्याच दिवशी झाली अशी गफलत मात्र होऊ देऊ नका, भाषणांत ती नेहमी होते.

---

पंपमिस्त्री

आता हातपंप चालवायचं. सात फुटी दांडा म्हणजे एका बाजूला पाच, फार तर सहा माणसं, एकूण दहा-बारा. मध्यम आकाराचा आहे, दाखवण्याजोगा.

दांडा आज जोर लावून हलवू नका. दट्ट्याचं चामडं वाळून सिलिंडरला चिकटलेलं असतं, जोराने ओढलं की चामडं जागेवर राहतं आणि पितळेवर ओरखडे उठतात. वरून रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून दोन-तीन दिवस मुरू द्या. मग खालची झडपपेटी उघडा. तिच्यात गाळ, गांधीलमाशीची मातीची घरटी, खडे निघतील. झडप बसायची कड बोटाने चाचपा, खाच असेल तर पाणी उलटं खाली पडतं आणि पंप धरत नाही. चामड्याचे बकेट वॉशर बोअरच्या हातपंपाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात, माप जुळलं नाही तर चर्मकाराकडून कापून घ्या. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, घोटून वाटीसारखा आकार द्या, सुकत आल्यावर एरंडेल चोळा. ग्रीस नको, त्यात धूळ बसून ते कानसासारखं घासतं. जुने वॉशर फेकू नका, पिशवीत घालून पंपाशेजारी मांडा.

लाकडी चाकांवर पंप ओढत आणू नका. गोदामात आरे वाळून सैल झालेले असतात, पहिल्या गटारीवर चाक बसेल. सपाट ट्रॉलीवर चढवून आणा आणि धुऱ्याखाली ठोकळे द्या.

पाणी विहिरीतून घेऊच नका, पाणवठा यांनी कारण सांगितलंच आहे. पंपाच्या पातळीत ताडपत्रीचा हौद करा, ५०० लिटर पुरे, आणि धार परत त्याच हौदात पडू द्या. शोषणनळीची जाळी पाण्यात कमीत कमी फूटभर बुडालेली हवी, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते. जाळीभोवती वेताची टोपली बांधा, पाने-कागद अडतात आणि जुनी पद्धतही लोकांना दिसते.

जुना कॅनव्हासचा होज वापरू नका. वरून धड दिसतो, पण घडीवर कुजलेला असतो आणि नेमका कपलिंगजवळ फाटतो. सुटलेली पितळी कपलिंग तोंडावर बसली तर दात जातात. आजच्या गाडीवरचा रबरी अस्तराचा ६३चा होज घ्या, आणि जुन्या पंपाच्या तोंडाला आटे असतील तर लेथवाल्याकडून एक अडॅप्टर करून घ्या, मूळ आट्यांना हात लावू नका. जुनी पितळी नळी त्या होजला जुळली तर लावा, पण धरायला दोघं हवेत आणि समोर पंधरा मीटर मोकळी जागा. दांडा मारणाऱ्यांना आधी कोरडा सराव द्या. बोटं दांडा आणि चौकटीच्या मध्ये सापडतात, ती दांडा खाली येताना. म्हणून चौकटीच्या टोकांना लाल रंगाची पट्टी मारा आणि तिथे कोणाला उभं करू नका.

ट्रेलर पंप मात्र चालवू नका. त्या काळच्या बऱ्याच ट्रेलर पंपांचं इंजिन पंपातल्याच पाण्याने थंड होतं. पंप कोरडा राहिला तर काही मिनिटांत जाम होतं आणि त्याचे दट्टे आता कुठे मिळत नाहीत. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोडा, हँडलने हाताने चार फेरे फिरवा, पेट्रोलची टाकी कोरडी करा आणि टायरवरचा भार काढून जॅकस्टँडवर ठेवा.

प्रदर्शन संपलं की हातपंपातलं पाणी पूर्ण काढा. झडपपेटीच्या तळाशी एक चावी किंवा बूच असतं, बहुतेक रंगाखाली दडलेलं. ते आधीच शोधून मोकळं करून ठेवा, नाहीतर पाणी आत राहील आणि पुढच्या वर्षी चामडं पुन्हा नवं घालावं लागेल.

---

तांबडा_बंब

बूच सापडलं. रंगाच्या चार थरांखाली होतं, आणि त्याच्या शेजारी ओतकामातच उठवलेला एक क्रमांक आहे. ठसा घेऊन उद्या टाकतो.